जैविक हल्ला : रोगसर्वेक्षणातून पूर्वसूचना

रोगजंतू किंवा त्यांचे विष मुद्दाम पसरवून माणसे, जनावरे वा पिके यांना इजा करणे म्हणजे जैविक हल्ला. साथ आपोआप आलेली की कोणी आणलेली, हे पहिल्या दिवसांत रुग्णाकडे पाहून कळत नाही. म्हणून रोजच्या आजारांची नोंद ठेवणारी यंत्रणाच येथेही कामाला येते. 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. 22 जणांना लागण झाली, 5 दगावले.

भारतात 1994 च्या प्लेगने डोळे उघडले. बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर मेले, पिसवा वाढल्या, मग माणसे आजारली. सप्टेंबरात सुरत हादरले. 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात आरोग्यसेविका लक्षणे, डॉक्टर संशयित निदान आणि प्रयोगशाळा पक्के निदान कळवते. आरोग्यसेविकेच्या तक्त्यात ताप, पुरळ, जुलाब, कावीळ यांच्यानंतर एक रकाना असे : वरील कशातही न बसणारी, रुग्णालयात न्यावे लागणारी किंवा जीव घेणारी लक्षणे. जैविक हल्ल्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा रकाना हाच. एप्रिल 2021 पासून आठवड्याच्या कागदी तक्त्यांऐवजी देशभर एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर गावनिहाय नोंद होऊ लागली.

पुरंदर तालुक्यातील बेलसरला जुलै 2021 मध्ये तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या पथकाने बेलसर आणि परिंचे या गावांत जाऊन 41 नमुने घेतले; 25 चिकुनगुन्याचे, 3 डेंगीचे आणि एक झिकाचा निघाला. राज्यातला तो पहिला झिका रुग्ण. तापाच्या गर्दीत लपलेला एक वेगळा विषाणू असा हाती लागतो.

पलूस तालुक्यातील कुंडल येथे ही यंत्रणा गळीत हंगामात कसाला लागते. क्रांती साखर कारखान्याच्या उसासाठी तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात, कोप्या घालतात, फड संपला की पुढच्या शिवारात जातात. गावच्या कुटुंबयादीत त्यांची नावे नसतात. ताप अंगावर काढला जातो, नाहीतर खासगी दवाखान्यात सुई घेऊन कामावर जायचे. टोळी हलली की एकाच आजाराचे रुग्ण दोन-तीन उपकेंद्रांत विखुरतात आणि कुठल्याच तक्त्यात उठून दिसत नाहीत. त्यांच्याबरोबर बैलही फिरतात. अँथ्रॅक्ससारखा रोग जनावरांत आधी दिसू शकतो. पण मेलेल्या बैलाची नोंद पशुसंवर्धन खात्याच्या वेगळ्या वाटेने जाते. गावपातळीवर पशुवैद्यक आणि आरोग्यसेविका यांनी आपापल्या नोंदी हंगामभर दर आठवड्याला एकमेकांना दाखवणे, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.