पाच कोटी तीस लाख डॉलर कोणाच्या घामाचे?

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या महिला व्यावसायिक फुटबॉल लीगने, म्हणजे नॅशनल विमेन्स सॉकर लीगने, उत्तर कॅलिफोर्नियातील एका नव्या संघाला प्रवेश दिला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या परिसराला तिथे 'बे एरिया' म्हणतात, त्यावरून संघाचे नाव ठेवले बे एफसी. लीगमध्ये येण्यासाठी संघाने मोजलेले प्रवेशशुल्क होते ५ कोटी ३० लाख डॉलर. एकूण गुंतवणूक साडेबारा कोटी डॉलर. मुख्य गुंतवणूकदार सिक्स्थ स्ट्रीट ही बडी वित्तसंस्था. बातम्यांचा सूर एकच होता : भांडवलदारांची नजर अखेर महिला फुटबॉलकडे वळली, आता या खेळाचे भाग्य उजळणार.

हा सूर तपासून घेतला पाहिजे. ज्या वस्तूला काल कोणी विचारत नव्हते, तिची किंमत आज एवढी झाली, तर मधल्या काळात ती किंमत तयार कोणी केली? गुंतवणूकदाराने की मैदानावर राबणाऱ्या बाईने? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

आधी बंदी, मग 'प्रेक्षक नाहीत'ची ओरड

महिलांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, म्हणून पैसा नाही, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती काय आहे? पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील प्रेस्टन शहरात डिक, कर या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या कामगार स्त्रियांनी १९१७ साली संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. या सामन्यांतून जमणारा पैसा धर्मादाय कामांसाठी जात होता. यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळायला बंदी घातली. हा खेळ स्त्रियांना मानवत नाही, असे कारण देण्यात आले. ती बंदी जवळपास पन्नास वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० अशीच बंदी ठेवली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी फर्मानानेच स्त्रियांना फुटबॉल वर्ज्य होता.

म्हणजे प्रेक्षक होते, मैदान भरत होते. प्रस्थापितांनी दार बंद केले. दोन पिढ्या दार बंद ठेवायचे आणि मग आत कोणी येत नाही अशी तक्रार करायची, ही व्यवस्थेची जुनीच रीत आहे.

कायदा आला, मग 'गुणवत्ता' दिसली

अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असे तो सांगतो. कायद्याच्या मजकुरात खेळाचा विशेष उल्लेखही नव्हता, पण त्याचा सर्वात मोठा परिणाम खेळाच्या मैदानावर झाला. १९७१-७२ मध्ये अमेरिकेच्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. मुलींना खेळाची आवडच नसते, हे ज्या पंडितांनी छातीठोकपणे सांगितले होते, त्यांची पंडिती एका कायद्याने उघडी पाडली.

बे एफसी स्थापन करणाऱ्या चार खेळाडू याच कायद्याने घडवलेल्या पिढ्यांतल्या. ब्रँडी चॅस्टेन, डॅनिएल स्लेटन, लेस्ली ऑस्बोर्न आणि अ‍ॅली वॅग्नर. चौघीही सान्ता क्लारा विद्यापीठाच्या संघातून आलेल्या, चौघीही राष्ट्रीय संघात खेळलेल्या. मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर गुणवत्ता दिसू लागली. संधीच्या आधी गुणवत्तेचा दाखला मागणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

दोन विजेते संघ, दोन्ही बंद

बे एफसीला 'नवा' संघ म्हणताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. या परिसरातला हा पहिला व्यावसायिक महिला संघ नाही. तो तिसरा आहे.

पहिला संघ सॅन होजेचा सायबररेज. २००१ साली डब्ल्यूयूएसए ही पहिली व्यावसायिक महिला लीग सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी चॅस्टेन खेळत असलेला हा संघ विजेता ठरला. १५ सप्टेंबर २००३ रोजी लीगने गाशा गुंडाळला. अवघ्या पाच दिवसांनी अमेरिकेतच महिलांचा विश्वचषक सुरू होणार होता. दुसरा संघ एफसी गोल्ड प्राइड, २००९ च्या नव्या लीगमधला. ब्राझीलची मार्टा या संघात होती. सप्टेंबर २०१० मध्ये संघाने अंतिम सामना ४-० ने जिंकला आणि नोव्हेंबरमध्ये पैशाअभावी तो बंद झाला. चषक जिंकून दोन महिनेही झाले नव्हते. पुढे ती लीगही बुडाली.

यावर बाजाराचे पुजारी म्हणतील, तोटा झाला म्हणून बंद पडले, त्यात अन्याय कसला? मग त्याच देशातील पुरुषांच्या लीगचा हिशेब मांडू. मेजर लीग सॉकर १९९६ साली सुरू झाली. पहिल्या पाच वर्षांत तिने सुमारे २५ कोटी डॉलर गमावल्याचे सांगितले जाते. २००२ च्या सुरुवातीला दोन संघ बंद करावे लागले. एक वेळ अशी होती की दहापैकी सहा संघ एकाच धनिकाच्या, फिलिप अ‍ॅन्शुट्झ यांच्या, हाती होते. तरीही मालकांनी ती लीग सोडली नाही. वर्षानुवर्षे तोटा सोसला, कारण पुरुषांचा खेळ आज ना उद्या फळ देईल यावर त्यांचा विश्वास होता. स्त्रियांच्या लीगला तीन हंगाम मिळाले.

खुद्द सॅन होजेचेच उदाहरण घ्या. तिथला पुरुषांचा संघ अर्थक्वेक्स २००५ च्या हंगामानंतर ह्यूस्टनला हलवला गेला. लीगने त्याचे नाव, रंग आणि विक्रम शहरासाठी राखून ठेवले, आणि २००८ मध्ये त्याच नावाने संघ परत उभा राहिला. २०१५ मध्ये त्याला स्वतःचे अठरा हजार आसनांचे स्टेडियमही मिळाले. आज बे एफसी त्याच स्टेडियमवर आपले सामने खेळतो. तोटा दोन्हीकडे होता. पुरुषांच्या तोट्याला 'गुंतवणूक' म्हटले गेले आणि स्त्रियांच्या तोट्याला 'अपयश'.

फोटो कोणाचा छापला गेला?

१० जुलै १९९९. विश्वचषकाचा अंतिम सामना, कॅलिफोर्नियातील रोज बोल स्टेडियम, ९० हजार १८५ प्रेक्षक. अमेरिका आणि चीन यांच्यात गोल झाला नाही आणि निकाल पेनल्टीवर गेला. शेवटचा गोल करून जर्सी हातात घेऊन गुडघ्यांवर बसलेल्या चॅस्टेनचा फोटो जगभर पोहोचला. अमेरिकी महिला फुटबॉलचा इतिहास सांगताना आजही तोच फोटो लावतात.

पण त्या पेनल्टीला अर्थ आला कशामुळे? त्याआधी चीनच्या लिउ यिंगचा फटका गोलरक्षक ब्रियाना स्करीने अडवला होता. तो अडवला नसता तर शेवटच्या फटक्याने विश्वचषक जिंकताच आला नसता. स्करी कृष्णवर्णीय. त्या संघातल्या मोजक्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक. जाहिराती आणि मुखपृष्ठे मात्र गोऱ्या चेहऱ्यांच्या वाट्याला गेली. २०१० मध्ये व्यावसायिक सामन्यात डोक्याला मार बसून तिची कारकीर्द संपली. उपचार आणि विम्याच्या झगड्यात हातात पैसा उरला नाही, तेव्हा ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके तिला १८ हजार डॉलरला गहाण टाकावी लागली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

यात चॅस्टेनचा दोष नाही. प्रश्न इतिहास लिहिणाऱ्यांचा आहे. वंचितांतल्या वंचिताचा वाटा प्रत्येक वेळी आधी गाळला जातो आणि वीस वर्षांनी सन्मानपत्र देऊन भरून काढला जातो.

सहाव्या मिनिटाला थांबलेला खेळ

आजची लीग २०१३ साली सुरू झाली तेव्हा खेळाडूचे किमान वेतन वर्षाला ६ हजार डॉलर होते. कित्येक जणी दुसरी नोकरी करून खेळत. २०२१ मध्ये एका प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी उघडकीस आल्या. त्या तक्रारी लीगकडे वर्षांपूर्वीच पोहोचल्या होत्या. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी सामने सुरू असताना सहाव्या मिनिटाला खेळाडूंनी खेळ थांबवला आणि दोन्ही संघ मध्यवर्तुळात हातात हात गुंफून उभे राहिले. पुढच्या वर्षी आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने मान्य केले की छळ एकट्यादुकट्या माणसाचा नव्हता, तो लीगच्या रचनेतच मुरलेला होता.

या संघटित विरोधातून हक्क आले. २०२२ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पहिला सामूहिक करार मिळवला आणि किमान वेतन ३५ हजार डॉलर झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी समान वेतनाच्या खटल्यात २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. २०२४ च्या करारात तर 'ड्राफ्ट'ची पद्धतच मोडीत निघाली. ड्राफ्ट म्हणजे काय? महाविद्यालयातून येणाऱ्या मुलींची संघमालकांनी पाळीपाळीने निवड करायची. कोणत्या शहरात, कोणासाठी राबायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलीला नाही. पुढे तिला न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकायचीही सोय होती. आता तिच्या संमतीशिवाय हे करता येत नाही. स्वतःचे श्रम कुठे विकायचे हे स्वतः ठरवता येणे ही माणूसपणाची पहिली अट आहे, आणि अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये ती सर्वात आधी स्त्रियांनी मिळवली.

बे एफसी याच काळात मैदानात उतरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने झांबियाच्या रेचल कुंदानांजीला सुमारे ७ लाख ८८ हजार डॉलर मोजून आणले. महिला फुटबॉलमधला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. १७ मार्च २०२४ रोजी लॉस एंजेलिसच्या एंजेल सिटीविरुद्धचा पहिला सामना संघाने १-० ने जिंकला. गोल नायजेरियाच्या असिसात ओशोआलाचा. २३ ऑगस्ट २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कवर या संघाचा सामना पाहायला ४० हजार ९१ लोक आले. तो लीगचा तोपर्यंतचा उच्चांक होता. 'प्रेक्षक नाहीत' म्हणणाऱ्यांना १९२० नेही उत्तर दिले होते, २०२५ नेही दिले.

मैदानापर्यंत पोहोचते कोण?

तरीही लढाई संपलेली नाही. अमेरिकेत लहान मुलामुलींचे फुटबॉल मोठ्या प्रमाणात 'पैसे भरा आणि खेळा' या तत्त्वावर चालते. चांगल्या क्लबची वर्षाची फी, प्रवास आणि स्पर्धा यांचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुली दारातच अडतात. कायद्याने उघडलेले दार फीने पुन्हा अर्धे लावून घेतले आहे.

बे एफसीच्याच शहरात याचे उत्तर सापडते. नाओमी गिरमा सॅन होजेची, इथिओपियातून आलेल्या आईवडिलांची मुलगी. तिचे वडील आणि समाजातली माणसे मिळून मुलांसाठी 'मालेदा' नावाचा फुटबॉल क्लब चालवत. तिथे ती चेंडू मारायला शिकली. जानेवारी २०२५ मध्ये ती सॅन दिएगोहून चेल्सीला गेली आणि दहा लाख डॉलरहून अधिक मोल मिळवणारी जगातली पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. तिचे पहिले मैदान कोणा वित्तसंस्थेने नव्हे, स्थलांतरित समाजाने एकमेकांच्या आधाराने उभे केले होते.

आता ५ कोटी ३० लाखांचा हिशेब पुन्हा करा. त्यात प्रेस्टनच्या कामगार स्त्रिया आहेत, बंद पडलेल्या दोन विजेत्या संघांच्या खेळाडू आहेत, स्करीची गहाण पडलेली पदके आहेत, मध्यवर्तुळात गुंफलेले हात आहेत. गुंतवणूकदार सर्वात शेवटी आला, आणि किंमत वाढल्याचा नफा तोच सर्वात आधी मोजणार आहे. म्हणून नव्या संघाचे स्वागत जरूर करावे, पण उपकाराच्या भाषेत करू नये. हा संघ यशस्वी झाला की नाही हे त्याच्या बाजारभावावरून ठरवू नका. सॅन होजेच्या गरीब वस्तीतली मुलगी फी न भरता त्याच्या मैदानापर्यंत पोहोचते का, आणि तिच्या घामाच्या कमाईत तिचा वाटा किती, एवढे दोनच प्रश्न विचारत राहा.