सनदांतील ‘नेहमींचा मजकूर’

इनामाची सनद छापतांना संपादक बहुधा आरंभींचा मायना देतो, राजशक व अरबी साल देतो, इनामदाराचें नांव, गोत्र व सूत्र देतो, गांव व तर्फ देतो. आणि ‘कुलबाब कुलकानू’ येथपर्यंत आला कीं तीन टिंबें देऊन ‘वगैरे नेहमींचा मजकूर’ असें कंसांत लिहून मोकळा होतो. जागा वांचते, आणि वाचकहि कंटाळत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंहि पूर्वीं हेंच केलें आहे. परंतु गाळल्या जाणाऱ्या या चारपांच ओळींत कराचा जेवढा इतिहास सांपडतो तेवढा जमाबंदीच्या आंकड्यांतहि सांपडत नाहीं, असें आतां माझें मत झालें आहे. त्याचीं कारणें संग्राहकांपुढें ठेवावीं एवढाच या लेखाचा हेतु.

राजा प्रजेकडून किती घेत असे, या प्रश्नास ग्रंथांत उत्तरें तयार आहेत. मनूनें पशु व सुवर्ण यांचा पन्नासावा आणि धान्याचा आठवा, सहावा किंवा बारावा भाग सांगितला आहे. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या वेळीं पांच तक्षिमांपैकीं तीन रयतेस व दोन दिवाणास अशी वांटणी दिली आहे. परंतु हे आंकडे कसे घ्यावें तें सांगतात. गांवांत कोण आलें, उतरलें कोठें, दुधातुपासाठीं कोणाच्या दारीं गेलें, ओझ्याला माणूस कोणाचा धरला, हें त्यांत नसतें. तें लिहावें लागे एकाच प्रसंगीं: राजा गांव सोडून देई तेव्हां. काय सोडलें तें निःसंदिग्ध लिहिलें नाहीं तर उद्यां अंमलदार पुन्हां दारीं यावयाचा. म्हणून माफीची यादी हीच नकळत वसुलीची यादी होऊन बसते. अशोकानें राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षीं लुंबिनीस उभारलेल्या स्तंभावर तो गांव बलीपासून मुक्त करून आठवा भाग ठरविल्याचें लिहिलें आहे, असा त्या लेखाचा सामान्यतः अर्थ करतात. करासंबंधीं जे अगदीं जुने कोरीव उल्लेख आपणांपाशीं आहेत त्यांपैकीं हा एक. आणि तोहि सुटीचाच आहे.

आपल्या प्रांतांतलें या जातीचें ठळक उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरींत गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा एकीखालीं एक कोरल्या आहेत. पहिली अठराव्या वर्षाची असून वैजयंतीच्या सेनेच्या तळावरून गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास धाडलेली आहे. पश्चिम काखडी गांवांतील, पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत राजानें तेथील भिक्षूंस दिलें, आणि त्यास चार गोष्टी लावून दिल्या. प्राकृतांतील ते शब्द संस्कृतांत आणले तर अप्रावेश्य, अनवमर्श्य, अलवणखातक आणि अराष्ट्रसांविनयिक असे होतात. म्हणजे राजपुरुषांनीं आंत शिरूं नये, कशास हात लावूं नये, मिठासाठीं जमीन खणूं नये, आणि राष्ट्राच्या अंमलदारानें तेथें आपला अंमल चालवूं नये. शेवटीं ‘सर्व प्रकारचे परिहार’ म्हणून झांकण घातलें आहे. चार शब्दांपैकीं एकांतहि धान्याच्या भागाचें नांव नाहीं! जाच वाटत होता तो भागापेक्षां भाग मागावयास येणाऱ्या माणसाचा, हें यावरून दिसतें.

दुसरी आज्ञा चोविसाव्या वर्षाची, अमात्य श्यामक याच्या नांवें, आणि तींत राजाबरोबर राजमातेचाहि उल्लेख आहे. मजकूर असा कीं, काखडी येथें पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं व तो गांवहि वसत नाहीं. सबब नगराच्या शिंवेवरील राजकीय शेतापैकीं १०० निवर्तनें भिक्षूंस द्यावीं. आणि पुन्हां तेच चार परिहार. सहा वर्षांत ही गति. माफीचे शब्द दगडांत कोरले तरी नांगर धरणारा माणूस नसेल तर शेत पिकत नाहीं, हें त्या काळच्या दफ्तरासहि मान्य करावें लागलें. संशोधकांनीं या लेखांतून सातवाहनांच्या वंशावळीचा पुष्कळ कीस काढला आहे. या ओसाड गांवाकडे मात्र पहावें तितकें कोणी पाहिलें नाहीं.

यानंतर सुमारें तीन शतकांनीं वऱ्हाडांत, अचलपुराजवळच्या चम्मक येथील ताम्रपटांत हीच यादी फार वाढलेली दिसते. हा पट वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनाचा असून योगायोगानें तोहि अठराव्याच वर्षाचा आहे. फ्लीटनें तो १८८८ मध्यें आपल्या संग्रहांत छापला. मधुनदीच्या कांठचा चर्मांक नांवाचा ८००० भूमींचा गांव १००० ब्राह्मणांस दिला, आणि मग सुटीचे शब्द ओळीनें येतात. भट व छात्र यांनीं शिरूं नये. गाईबैलांची मागणी करूं नये. फुलें व दूध मागूं नये. चारा, बसावयास कातडीं आणि कोळसा मागूं नये. मिठाच्या खाणी घेऊं नयेत. सर्व प्रकारच्या विष्टींतून गांव मोकळा. निधि व उपनिधि गांवाचे. चारा, कातडीं व कोळसा हीं तीन एका समासांत कां आलीं, असा प्रश्न विद्यार्थिदशेंत मला पडे. सरकारी कामाचा माणूस घोड्यावरून मुक्कामास आला म्हणजे घोड्यास चारा, त्यास बैठक आणि रात्रीं शेकावयास विस्तव लागतो, असें चित्र डोळ्यांपुढें आणलें कीं समास सुटतो. व्याकरणानें तो सुटला नसता.

याच पटांत पुढें दान घेणारांवरहि अटी घातल्या आहेत. त्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी व जारकर्म करूं नये, युद्ध करूं नये, दुसऱ्या गांवांचा अपराध करूं नये. असें केल्यास राजानें गांव परत घेतल्यास ती चोरी ठरणार नाहीं. दानपत्र म्हणजे केवळ धर्मकृत्य समजणारांनीं हा भाग अवश्य पहावा.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो रास्त आहे. हे शब्द सांच्यांतले आहेत. लेखक जुना पट समोर ठेवून नवा उतरीत असे. तेव्हां अमक्या गांवीं अमका कर होताच असें त्यांवरून कसें म्हणावें? नाशिकपाशीं समुद्र नाहीं, तेथें मिठासाठीं जमीन खणणार कोण? ही शंका बरोबर धरून चाललें पाहिजे. पण चम्मकच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे, आणि तेथें खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करीत असत. त्या प्रदेशांत तोच शब्द पोकळ नाहीं. सारांश, सांचा आहे म्हणून तो टाकून द्यावयाचा नसतो. सांच्यांत कोठें शब्द वाढला, कोठें गळला, कोठें बदलला, हाच पुरावा होय. आणि तो मिळण्यास प्रत्येक पटांतील प्रत्येक शब्द छापलेला असावा लागतो.

आतां मराठी सनदांकडे येतों. ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, खेरीज हक्कदार व इनामदार करून, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित’ असा या सांच्याचा सामान्य आकार आहे. याचें पूर्वार्ध दरबारी फारसीच्या वळणाचें व उत्तरार्ध संस्कृत आहे, हें कोणासहि दिसेल. उत्तरार्ध हा जुन्या अष्टभोगांचा वारसा होय. त्यांतील निधि, निक्षेप, जल व पाषाण जसेच्या तसे राहिले. अक्षिणी, आगामि, सिद्ध व साध्य हे शब्द गळाले आणि त्यांच्या जागीं तरु, तृण व काष्ठ हे शेतकऱ्यास समजणारे पदार्थ येऊन बसले. पूर्वार्धांतील ‘पेस्तर’ हा शब्द मौजेचा आहे. फारसींत त्याचा अर्थ पूर्वींचा असा. मराठी कारकुनानें तो पुढील सालास लावला, आणि त्यायोगें अद्यापि न बसलेल्या पट्टीचीहि आगाऊ माफी लिहून दिली. नव्या पट्ट्या बसणारच हें राजाच्या दफ्तरानें जणूं गृहीतच धरलें होतें. कित्येक कागदांत याखेरीज ‘वेठबिगार’ व ‘फडफर्मास’ हेहि शब्द येतात. त्यांतली वेठ म्हणजे चम्मकच्या पटांतील विष्टीच. पुढें बिगार हा फारसी शब्द तिला पर्याय म्हणून चिकटला, आणि दोन्ही भाषांतला एकच जाच जोडशब्दानें सांगितला जाऊं लागला.

परंतु माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ हे होत. यांतील इनामदारास जुना आधार आहे. राष्ट्रकूटांच्या व वलभीच्या पटांत ‘पूर्वप्रत्तदेवब्रह्मदायरहित’, म्हणजे पूर्वीं देवाब्राह्मणांस दिलेलें वगळून, असें असतें, तेंच हें. हक्कदार मात्र माझ्या पाहण्यांतील ताम्रपटांत नाहीं. राष्ट्रकूटांचा राजा राष्ट्रपति, विषयपति, ग्रामकूट, महत्तर या सर्वांस दान कळवितो. पण त्यांचा स्वतःचा वांटा दानांतून राखून ठेवीत नाहीं. मराठी सनदेंत देशमुख, देशपांडे व मोकदम यांस आज्ञा होते आणि त्याच कागदांत त्यांचा हक्कहि वगळला जातो. मधल्या काळांत गांवच्या व परगण्याच्या कामगारांचें मानधन हें वंशपरंपरेचें, वांटून घेतां येणारें, गहाण पडणारें व विकतां येणारें वतन झालें होतें. आणि जें आपलें नाहीं तें छत्रपतींनाहि देतां येईना. जुना राजा आपल्याच चाटभटांस ‘शिरूं नका’ म्हणे. मराठ्यांचा राजा आपला वांटा सोडी, पण वतनदारास ‘घेऊं नको’ असें म्हणत नसे. सरकारची सूट मिळूनहि रयतेस देणें उरे तें कां, याचें उत्तर या तीन शब्दांत आहे.

आतां प्रश्न असा कीं, हें कलम सनदांत कायमचें केव्हां झालें? सभासद सांगतो कीं शिवछत्रपतींनीं देशमुखांचे वाडेकोट पाडून त्यांचे हक्क बांधून दिले. राजारामांच्या काळीं, १६८९ ते १७०० च्या धामधुमींत, वतनें पुन्हां सढळ हातानें द्यावीं लागलीं. यांपैकीं पूर्वीच्या कागदांत हे शब्द क्वचित् व नंतरच्यांत नियमानें येतात असें दाखवितां आलें, तर वतनसंस्थेच्या चढउताराचें मापच हातीं येईल. उलट निघालें तर माझें अनुमान टाकून द्यावें.

मला हें तपासतां येत नाहीं, आणि त्यांत दोष माझाच आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं घाटमाथ्यावरील एका खेड्यांत मला राजारामकालीन एक सनद पहावयास मिळाली. नक्कल करतांना संध्याकाळ झाली, शेवटची एस. टी. गांठावयाची होती, तेव्हां ‘कुलबाब’ या शब्दापुढें मीं ‘वगैरे नेहमींचा मजकूर’ असें लिहून वही मिटली. पुढें हा प्रश्न मनांत आल्यावर पुन्हां गेलों, तों घर पाडून नवें बांधलेलें, आणि रुमाल रद्दींत गेलेले. घरधन्याचा दोष काय? १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन गांवोगांव पुरावे मागूं लागलें, तेव्हां याच कागदासाठीं त्याच्या पूर्वजांनीं जिवाचें रान केलें असेल. १९५० च्या कायद्यानें परगणे व कुळकर्णी वतनें आणि १९५२ च्या कायद्यानें खासगी इनामें गेलीं. त्यानंतर तो कागद घरांत ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. नक्कल करण्यास आलेला मास्तरच जो भाग उतरून घेत नाहीं, तो घरधन्यानें जपावा ही अपेक्षा व्यर्थ होय.

ज्यांच्या संग्रहीं १७०७ च्या पूर्वींच्या अस्सल इनामसनदा असतील त्यांनीं ‘कुलबाब’पासून ‘निक्षेप’पर्यंतच्या ओळी, एकहि अक्षर न गाळतां, मोडी वळणाप्रमाणेंच ऱ्हस्वदीर्घ न सुधारतां उतरून, तिथि, शिक्का व मोर्तब यांसह मंडळाकडे पाठवाव्या. कागद फाटला असेल तेथें फाटला असें लिहावें; अंदाजानें शब्द भरूं नये. ‘हक्कदार’ हा शब्द नसेल तर तो नाहीं असें मुद्दाम नमूद करावें.