लोखंड कच्चं नव्हतं

या वीकांताचा विषय जरा गावाकडचा आहे. गेल्या दिवाळीत आमच्या भावकीतल्या एका ट्रॅक्टरचा पुढचा लोडर मोडला. शेणखत भरणं चाललं होतं, बकेट जेमतेम अर्धी भरलेली, आणि डाव्या बाजूचा उभा खांब वेल्डिंगच्या काठावरून तुटला. नशीब, खाली कोणी नव्हतं. वेल्डर आला, त्याने तुटलेलं तोंड पाहिलं आणि निकाल दिला, "लोखंड कच्चं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन हापिसात कोड लिहिणारा माणूस, माझं कोण ऐकणार! पण त्या तोंडाचा निम्मा भाग गंजून तपकिरी झालेला होता आणि निम्मा चकचकीत. म्हणजे निम्मा खांब कधीचाच तुटलेला होता, त्या दिवशी तुटला तो फक्त उरलेला.

गंमत म्हणजे "लोखंड कच्चं होतं" हे निदान पावणेदोनशे वर्षांहून जुनं आहे. पण त्याआधी थोडं ट्रॅक्टरबद्दल.

ट्रकला असते तशी चासी आपल्या नेहमीच्या शेती-ट्रॅक्टरला नसते. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना असायची. मग १९१३ मध्ये अमेरिकेतल्या 'वॉलिस कब'ने जाड पत्रा वाकवून त्याचाच सांगाडा केला, आणि १९१७ मध्ये हेन्री फोर्डच्या 'फोर्डसन'ने सांगाडाच काढून टाकला. यूजीन फारकस या इंजिनियरच्या डिझाइनमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांची बिडाची घरं एकमेकांना बोल्टने जोडली, की झाला ट्रॅक्टर. वजन कमी, किंमत कमी, धूळ आत जायला जागा नाही. जगभर हीच पद्धत रूढ झाली. ट्रॅक्टरचं काम मागून नांगर ओढायचं, त्याला हे पुरेसं होतं.

पुढे लोडर आला, आणि गणित बदललं. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी फोर्डसन मेजरला बसणारा हायड्रॉलिक लोडर बाजारात आणला. (याच गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरं आज आपल्याकडे प्रत्येक पिवळ्या मशीनला चिकटली आहेत!) आता बघा, ट्रॅक्टरच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये २ मीटर अंतर धरा आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या २ मीटर पुढे बकेटमध्ये ५०० किलो माल. पुढच्या अ‍ॅक्सलवर किती वजन वाढेल? ५०० नाही, १००० किलो. कारण मागच्या चाकांवरचे ५०० किलो उचलले जाऊन तेही पुढे येतात. हा सगळा भार लोडरची चौकट पेलते आणि बोल्टांमधून बिडाच्या घरांत सोडते. म्हणूनच चांगल्या लोडरची चौकट पार मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेलेली असते. स्वस्तातल्या चौकटी मध्येच क्लचच्या घराला बोल्ट करून मोकळ्या होतात. मग चौकट टिकली तर बिडाला तडा जातो, आणि बीड टिकलं तर चौकटीला.

शिवाय भार सरळही नसतो. बकेटचा एकच कोपरा दगडाला अडला की दोन्ही बाह्या पिळवटतात. भरलेली बकेट घेऊन खड्ड्यातून गेलं की प्रत्येक आदळीला भार वाढतो. हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व उचलताना वाचवतो, पण लिव्हर मधे असताना साध्या लोडरमध्ये तेल सिलिंडरात कोंडलेलं असतं. सगळा हिसका चौकटीला.

आता त्या जुन्या निदानाकडे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा जाणकार म्हणत की हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलतो, तंतू जाऊन दाणे होतात, आणि ते ठिसूळ बनतं. म्हणजे आपल्या वेल्डरचंच मत! १८४३ मध्ये विशीतल्या विल्यम रँकिनने तुटके अ‍ॅक्सल तपासून सांगितलं, लोखंड तेच आहे. जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो.

मग प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलर यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत अ‍ॅक्सलचे नमुने मशीनवर लाखो वेळा फिरवले. निष्कर्ष असा, की एका फटक्यात तोडायला लागतो त्याच्या कितीतरी कमी ताणाने लोखंड तुटतं, फक्त तो पुन्हापुन्हा द्यावा लागतो. सर्वात मोठा ताण किती यापेक्षा ताण किती खालीवर होतो हे महत्त्वाचं. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

वेल्डिंग आल्यावर त्यात आणखी एक भर पडली. वेल्डच्या काठाशी सूक्ष्म खाचा जन्मतःच असतात, त्यामुळे तिथे तडा पडायची वाट बघावी लागत नाही. म्हणून भारीतलं पोलाद वापरलं तरी साध्या वेल्डचं आयुष्य जवळजवळ तेवढंच राहतं! आणि वेल्डचं आयुष्य साधारण ताणाच्या घनाच्या उलट प्रमाणात घटतं. मोठी बकेट लावून ताण सव्वापट केला, की आयुष्य निम्मं. दुप्पट केला, की एक अष्टमांश.

याचं सर्वात भयंकर उदाहरण शेतात नाही, समुद्रात घडलं. 'अलेक्झांडर कीलँड' हा पाच पायांचा तरंगता प्लॅटफॉर्म नॉर्वेजवळच्या समुद्रात तेल कामगारांच्या राहण्यासाठी वापरात होता. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात त्याची एक आडवी नळी तुटली, मग त्या पायाच्या बाकीच्या नळ्या, मग पायच सुटला, आणि थोड्याच वेळात सगळं उलटलं. २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत तडा कुठे सुरू झालेला सापडला? पाण्याखालचे आवाज टिपणारं एक उपकरण बसवायला त्या नळीवर जो छोटा आधार वेल्ड केला होता, तिथे. ६ मिलिमीटरचा वेल्ड. आणि तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे बांधणीच्या वेळी रंग मारला तेव्हाच तडा तिथे होता.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते, प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळला त्या ओळीत बग असेलच असं नाही. तसंच इथे. "त्या दिवशी असा काय भार आला?" हा प्रश्नच चुकीचा. त्या दिवशी अर्धी बकेट पुरली, कारण काम आधीच्या हजारो बकेटांनी केलं होतं.

म्हणूनच तड्यावर चौकोनी पट्टी मारणं हा उपाय बहुधा अर्धाच असतो. खालचा तडा घासून मुळापासून काढला नाही तर तो वाढतच राहतो, आणि पट्टीच्या आडव्या टोकाशी नवा वेल्ड, नवी खाच तयार होते. पुढच्या वेळी तिथून तुटतं, आणि पुन्हा दोष लोखंडाला. तीच गोष्ट दिवा लावायला, पाइप अडकवायला म्हणून चौकटीवर कुठेही ठोकलेल्या वेल्डची.

लोडर उचललेला असताना खाली उभं राहून खोऱ्याने माल ओढणारा पोरगा आपल्याकडे नेहमी असतो. निदान त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा चौकट पुसायची, बोल्ट आवळायचे आणि प्रत्येक वेल्डचा काठ बघायचा. रंगातून केसासारखी तपकिरी रेघ उतरलेली दिसली, की बकेट जमिनीला टेकवायची आणि काम तिथेच थांबवायचं. उरलेलं शेणखत उद्या भरता येतं.