लकवा: शब्द एक, आजार दोन

मंडळी, या वीकेंडला कोड नाही, एक शब्द डिबग करूया.

आमच्या अमरावती-अकोल्याकडे कुणाचं अर्धं अंग लुळं पडलं की म्हणतात, "बुढ्याले लकवा मारला." नुसतं तोंड वाकडं झालं तरी लकवाच. पेपरवाल्यांनी तर सरकारलाही 'धोरणलकवा' करून टाकला!

शब्द मूळचा अरबी, आणि तिथे अर्थ अगदी नेमका: चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. बस्स. अर्धं अंग गेलं तर त्याला वेगळा शब्द, फालिज. त्याच्या धातूचा अर्थ 'दोन भाग करणे'. इराणी वैद्य अल-राझी (मृत्यू इ.स. ९२५ च्या सुमारास) याने या लकव्याबद्दल लिहून ठेवलंय. १८२१ मध्ये चार्ल्स बेलने चेहऱ्याच्या नसांवर लिहिलं, म्हणून डॉक्टर आज 'बेल्स पाल्सी' म्हणतात. आयुर्वेदातही शब्द दोन: तोंडाचा तो अर्दित, अंगाचा तो पक्षाघात.

वऱ्हाडात एलिचपूरची (आताचं अचलपूर) इमादशाही १४९० पासूनची. पुढे मोगल, १७२४ पासून निजाम, आणि १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे. इतकी वर्षं दरबारात फारसी म्हटल्यावर असे शब्द बोलीत मुरणारच. पण फालिज उर्दूतच राहिला. मराठीत आला एकटा लकवा, आणि दोन्ही आजारांचं ओझं त्याच्याच डोक्यावर. म्हणजे दोन वेगळ्या एररना एकच कोड!

यात बिघडलं काय? बेल्स पाल्सी बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र मालिशवाल्याला. "त्याचा लकवा गेला ना!" मग खरा पक्षाघात झालेला माणूसही तिकडेच नेला जातो. मला तरी वाटतं, इथे शब्दच घात करतो. कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.

तेव्हा तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर लकवा कुठला हे घरी ठरवत बसू नका. घड्याळ बघा, १०८ ला फोन लावा. आणि हे गावाकडे आईबाबांनाही सांगा. पुढच्या फोनवरच.