परसातले तळे

आमच्या घरामागे एक तळे आहे. तळे म्हणण्याइतके ते मोठे नाही. शाळेच्या चार वर्गखोल्या एकमेकींना लावून ठेवल्या तर जेवढी जागा व्यापतील, तेवढेच. अलिबाग तालुक्याच्या पूर्वेला, धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेला जो सखल मुलूख आहे, त्याला आम्ही खारेपाट म्हणतो. या खारेपाटात ज्याच्या परसात तळे नाही असे जुने घर पूर्वी क्वचितच आढळे. मुंबईचा पाहुणा आला की त्याला आधी तळे दाखवायचे आणि मग त्यातला जिताडा जेवू घालायचा, ही आमच्याकडची रीत.

पण गेली काही वर्षे आम्हीच पाहुण्याला परसाकडे नेत नव्हतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, त्यात काठावरचे दोन माड आणि एक जुना आंबा तळ्यात आडवे झाले. घराची कौले शाकारण्यातच त्या वर्षी सगळी शक्ती खर्ची पडली. झाडे पाण्यातच कुजली. जलपर्णी कुठून आली कोण जाणे, पण दोन पावसाळ्यांत तिने पाणी असे झाकून टाकले की शेजाऱ्याचे वासरू हिरवळ समजून आत उतरले आणि दोरखंड लावून बाहेर काढावे लागले.

गेल्या शिमग्याला थोरले बंधू ठाण्याहून आले. ते म्हणाले, "मास्तर, हे डबके आता बुजवू या. मुरमाच्या गाड्या मी सांगतो. जागा सपाट झाली तर मुलांसाठी दोन खोल्या निघतील." दादांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत व्यवहाराचे शिक्षण फारसे मिळत नाही. मी एवढेच म्हटले, "एक उन्हाळा द्या. साफ करून पाहतो. नाही जमले तर तुमच्या गाड्या आहेतच."

त्या उन्हाळ्यात मी तळ्याचा गाळ तर काढलाच, पण गाळाबरोबर जे हाती आले तेच आज वाचकांपुढे ठेवायचे आहे.

पहिला प्रश्न मला माझ्याच मुलीने विचारला. "बाबा, हे तळे कोणी खणले?" मी इतिहासाचा मास्तर, आणि मला उत्तर येईना. मग गावातल्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, तळे कोणी खणले नाही, घर बांधले. खारेपाटाची जमीन इतकी सखल की आषाढात अंगणात पाणी उभे राहते. म्हणून घर बांधणाऱ्याने आधी मागची माती काढायची, पुढे टाकायची, चोपून तिचे उंच जोते करायचे आणि त्यावर घर उभारायचे. मागे जो खड्डा उरला, तो पहिल्या पावसात भरला. तेच तळे! आमचे घर ज्या मातीवर उभे आहे ती तळ्याचीच आहे. दादांचे म्हणणे मानले असते तर ज्या खड्ड्याने घराला पाया दिला, त्याचेच तोंड बुजवले असते.

परंतु ही गोष्ट इथे संपत नाही. खड्ड्यात पाणी साचले तरी ते गोडे का राहावे? चारी बाजूंनी खारी जमीन, पलीकडे भरती-ओहोटीची खाडी. याचे उत्तर गावाबाहेरच्या बांधात आहे. खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध घालायचा, त्यात जागोजाग उघाड्या ठेवायच्या. उघाडी म्हणजे बांधातले दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की दार मिटते, आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. आमच्याकडे वर्षाला ८० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. हा पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि उघाडीवाटे खाडीत नेऊन टाकतो. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुण्याने चिखलाचे भातशेत झाले आणि खड्ड्याचे तळे झाले.

हे बांध कोणी सांभाळायचे, हाच आमच्या मुलखाच्या इतिहासातला मोठा प्रश्न आहे. लढाया आणि गड यांची वर्णने आपण मुलांना पाठ करायला लावतो. पण कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला भात पुरवणाऱ्या मुलखात समुद्राशी दुसरी एक लढाई रोज चालली होती, ती पाठ्यपुस्तकात येत नाही. कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० साली खालसा केले. पुढे १८८३ साली कुलाबा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर निघाले, त्यात शिलोत्री जमिनींची हकीगत आहे. खाजणातून उठवलेल्या या जमिनी. त्यांचा बाहेरचा बांध राखणे हे शिलोत्रीदाराचे काम, आणि त्याबद्दल कसणाऱ्यांनी त्याला भाताचा ठरलेला वाटा द्यायचा. व्यवस्था कागदावर चांगली होती. मात्र वाटा घेणारा आणि चिखलात उभा राहणारा हे दोघे वेगळे झाले की काय होते, ते पुढे दिसून आले. वाटा वेळेवर जाई. बांधाची दुरुस्ती मात्र वेळेवर होईच असे नाही.

खोत आणि सावकार यांच्याखाली कुळांची जी ओढाताण झाली, तिचा स्फोट आमच्याच तालुक्यात चरी गावी झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची सभा भरली आणि २५ गावांनी शेती न पेरण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. १६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. संप १९३९ पर्यंत चालला. पेरणी नाही म्हणजे घरात दाणा नाही. लोक रानातली लाकडे विकून, खाडीतली मासळी धरून दिवस काढीत होते. कुळांना संरक्षण देणारा कायदा अखेर १९३९ साली झाला, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

माझी आजी त्या काळात नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती. ती सांगे, संपाआधी तळ्यातला वर्षाचा पहिला मोठा जिताडा मालकाच्या घरी पोचवावा लागे. पान्यावरच्या मडक्यात तो जिवंत नेत असत, कारण मेलेला जिताडा नेणे म्हणजे अपमान. संप सुरू झाला त्या वर्षी आजोबांनी मासा पाठवला नाही. सासूबाई घाबरून रात्रभर ओट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तो मासा कापला, त्याचे वाटे केले आणि वाडीतल्या सात घरी दिले. "त्या दिवशी मला कळलं," आजी म्हणे, "की तळं आपलं आहे." ही आठवण कुठल्या दप्तरात नाही. ती माझ्या आजीपाशी होती, आता माझ्यापाशी आहे.

हा जिताडा मोठा अजब जीव. बंगाल्यांची भेटकी ती हीच, आणि ऑस्ट्रेलियात ज्याला बॅरामुंडी म्हणतात तोही हाच. अंडी घालायला त्याला खारे पाणी लागते, पण वाढायला गोडे पाणी चालते. पावसाळ्यात त्याची पिले खाडीत येतात. ती धरून आणायची आणि तळ्यात सोडायची, असा आमचा परिपाठ. आणखी एक नवल म्हणजे हे मासे आधी बहुधा नर असतात आणि वयाने वाढल्यावर त्यांतले पुष्कळसे माद्या होतात! चेन्नईच्या केंद्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९७ साली या माशाची पैदास बंदिस्त जागेत करून दाखवली, तेव्हापासून पिलांसाठी केवळ खाडीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही.

आता सफाईची हकीगत सांगतो. कोणा वाचकाच्या परसात असे तळे असेल तर उपयोगी पडेल. आम्ही चैत्राच्या अखेरीला, पाणी कमरेखाली गेल्यावर हात घातला. आधी जलपर्णी काठावर ओढली. ती काठापासून लांब नेऊन वाळवायची, नाही तर पहिल्या सरीला पुन्हा आत उतरते. मग कुजलेली झाडे काढली. उरलेले मासे जुन्याच पाण्याच्या पिंपांत ठेवले. निघाला तो काळा गाळ! कुजक्या अंड्यासारखा वास. तळाशी पाने कुजली की ती पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणूनच घाणेरड्या तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडताना दिसतात. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेतच असतात, त्यामुळे पहाटेची वेळ माशांना सर्वांत कठीण.

गाळ घमेल्यांनी काढता काढता आठ दिवस गेले, तेव्हा दादांनी ठाण्याहून निरोप पाठवला, "माणसे कशाला मारता? जेसीबी बोलवा, आणि खोल करा, म्हणजे पुन्हा कटकट नको." यंत्र आले. एका कोपऱ्यात त्याने तासाभरात दोन पुरुष खोल खणले. त्याच संध्याकाळी कोपऱ्यात पाणी पाझरले. मुलीने ओंजळीत घेऊन चाखले आणि थुंकले. खारे!

पूर्वी उल्लेख केलेले वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. तळाकडे पाहून म्हणाले, "जुन्या मानसांनी एवढंच का खनलं, ते इचारलंस का?" खारेपाटात पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून वर राहते आणि खारे जड म्हणून खाली. तळे दीड पुरुषाच्या आत असेल तर त्यात गोडे पाणी नांदते. हाव धरून खोल गेलात तर खालचा खार वर येतो. आम्ही तो कोपरा चिकणमातीने भरून चोपून घेतला. मग तळ पंधरा दिवस उन्हात तापू दिला, भेगा पडल्यावर चुन्याची भुकटी पसरली, आणि काढलेला गाळ भाताच्या राबाच्या जागेवर टाकला. काठावर झाडे ठेवली, पण पाण्यावर वाकणाऱ्या फांद्या छाटल्या.

ते गृहस्थ निघताना थांबले. "मास्तर, तलं उपसलंस, बेस केलंस. पन बांद कोन बगनार?"

त्यांचे म्हणणे मी दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन पाहिले. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, त्यासाठी मंडळ नेमले गेले. पुढे १९७९ च्या कायद्याने खारभूमी विकासाचे काम सरकारी खात्याकडे आले. त्याने पुष्कळ बांध बांधले हे खरेच. पण पूर्वी दर घरामागे एक माणूस वर्षातून काही दिवस बांधावर जाई, ती सवय त्याबरोबर गेली. खेकड्याने पाडलेले भोक मुठीएवढे असताना कोणी बुजवले तर पाटीभर माती पुरते. कोणी पाहिले नाही तर उधाणाच्या भरतीला त्याचीच खांड होते, आणि एकदा खारे पाणी आत शिरले की शेत दोन-तीन पावसाळे नासते. शेत नासले की माणसे मुंबईला जातात, आणि मागे परसातले तळे जलपर्णीने भरते. आमच्या तळ्याला मी वादळाचा दोष देत होतो. वादळाने झाडे पाडली, एवढेच. ती पाच वर्षे पाण्यात ठेवली ती आम्ही.

आम्ही गेल्या ज्येष्ठात चार घरची माणसे आणि माझ्या वर्गातली मोठी मुले घेऊन बांधावर गेलो. सहा भोके बुजवली, एका उघाडीच्या दारात अडकलेले लाकूड काढले. काम फार मोठे झाले असे नाही. एका ठिकाणी बांध इतका खचला आहे की तिथे पाट्यांनी भागणार नाही. त्यासाठी खात्याकडे अर्ज दिला आहे, आणि दर पंधरवड्याला मी त्याची चौकशी करतो. चौकशी करणे हेही एक प्रकारचे गाळ काढणेच आहे, फक्त हात काळे होत नाहीत.

पाऊस वेळेवर आला. तळे भरले. श्रावणात आम्ही एकाच आकाराची जिताड्याची पिले आणून सोडली. लहानमोठी एकत्र सोडली तर मोठी लहानांना गट्ट करतात. त्यांच्या पोटासाठी लहान मासळी आधीपासून वाढवली आहे. दादा गणपतीला आले, काठावर बराच वेळ उभे राहिले. मुरमाच्या गाड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जाताना एवढेच म्हणाले, "जिताडा खाण्याजोगा कधी होईल?" मी म्हटले, "दोन दिवाळ्या जाऊ द्या."

यंदा वसुबारसेला मुलीने एक पणती तळ्याच्या पायरीवर लावली. उजेडाला पाण्यात काहीतरी हलले आणि खाली गेले. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी पुन्हा बांधावर जायचे ठरले आहे, दर घरामागे एक माणूस. आतापर्यंत अकरा घरांनी होकार दिला आहे. दादांनीही त्या रविवारी येतो म्हणून कळवले आहे. त्यांच्यासाठी मी एक फावडे वेगळे काढून ठेवले आहे.