शेजारच्या घरातला पाठ

साताऱ्यास आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक ओव्हरसियर राहत असत. आम्ही मुले त्यांना ओव्हरसियरकाका म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला काकी. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात बोलणे शुद्ध कुलाबी वळणाचे मराठी, काकींचे नऊवारी लुगडे, गळ्यात मंगळसूत्र. तेव्हा ती मंडळी आपल्याहून निराळी आहेत हे आम्हा मुलांच्या बरेच दिवस ध्यानातच आले नाही. ध्यानात आले ते शुक्रवारी. आमच्या आईचा दिवा रोज तुळशीपाशी लागे; काकींचा एक खास दिवा आठवड्यातून एकदाच लागे. काचेच्या पेल्यात खोबरेल, त्यात वात. शुक्रवारी सूर्य यवतेश्वराकडे कलला की काकींची लगबग सुरू होई. "त्यांची शुक्रवारची दिवेलागण झाली गं," असे आजी म्हणे.

ते बेने इस्रायल होते. म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू.

त्यांच्या घरातला मुलगा माझ्याच वर्गात. संध्याकाळी खेळ रंगात आला की काकांची हाक येई आणि तो हात-पाय धुऊन डोक्यावर टोपी घालून आत जाई. मग मीही उंबऱ्यावर जाऊन बसे. काका एक जाडसर पुस्तक उघडत. त्यात एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला आपली बाळबोध लिपी. आधी ते हिब्रू ओळ चालीवर म्हणत, मुलगा ती पुन्हा म्हणे, मग मराठी अर्थ, आणि मग काका पुस्तक मिटून विचारीत, "आता तू सांग, काय झालं?" हा शेवटचा प्रश्न मला फार आवडे, कारण पुष्कळदा त्याचे उत्तर मीच देऊन मोकळा होई.

पुढे वाचनात आले तेव्हा कळले की काकांच्या त्या पुस्तकामागे केवढा इतिहास उभा होता.

ज्यूंच्या धर्मग्रंथाला तोरा म्हणतात. मोशेची पाच पुस्तके ती ही. चर्मपत्राच्या गुंडाळीवर ती हाताने लिहितात आणि त्यात स्वरचिन्हे घालीत नाहीत, त्यामुळे ज्याला पाठ ठाऊक आहे त्यालाच ती नीट वाचता येतात. तोरेचे चोपन्न भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी सभास्थानात एक भाग (कधी दोन जोडून) वाचायचा, म्हणजे वर्षात ग्रंथ पुरा होतो. तो ज्या दिवशी पुरा होतो त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात. हा सण आपल्या नवरात्र-दिवाळीच्या आसपास येतो. त्यांचे महिनेही चांद्र, आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक मास. आपल्या पंचांगाशी त्यांची गाठ अशी आकाशातच पडलेली आहे. त्यामुळे आमच्या घरी करंज्या तळल्या जात असत तेव्हा शेजारी बहुधा जगाची उत्पत्ती, नोहाचे तारू किंवा अब्राहामाचे देशांतर यांपैकी काहीतरी चाललेले असे.

पण एक अडचण होती. तोरेची गुंडाळी उघडून जाहीर वाचन करायचे तर दहा प्रौढ पुरुष हवेत. आमच्या गल्लीतच काय, काकांच्या ओळखीपाळखीत सबंध साताऱ्यात दहा जमत नव्हते. सणाला ते एस.टी.ने पुण्याला जात. तिथे रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे १९२१ साली बांधलेले 'सुक्कथ शेलोमो' हे सभास्थान आहे. इतर एकावन्न आठवडे काय करायचे? काकांनी आपल्यापुरता तोड काढला होता. शनिवारचा भाग सभास्थानात सात जणांत वाटून वाचतात. काका तेच सात तुकडे सात दिवसांवर वाटीत. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, आणि शनिवारी सातवा. "इथं दहा माणसं नाहीत, पण सात वार आहेत ना," असे ते माझ्या वडिलांना म्हणाल्याचे आठवते. वडील रोज रात्री दासबोधाचा एक समास वाचीत. त्यांना यात नवल वाटले नाही. "नित्यपाठ म्हणजे असाच," एवढेच ते म्हणाले.

या लोकांच्या पूर्वजांना तर शतकानुशतके पुस्तकच नव्हते. त्यांची परंपरा अशी की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. उरले ते आठवणीत होते तेवढे. मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि देव एकच आहे हे सांगणारे 'शेमा' हे वचन. सुखात, दुःखात, नवसात, मर्तिकात तेवढेच एक म्हणायचे. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सण राहिले, पण त्यांची हिब्रू नावे विसरली आणि जागी मराठी नावे आली: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिनाला वालाच्या बिरड्याचे नाव मिळाले! विद्वानांना यात ऱ्हास दिसतो. मला मात्र ही नावे ज्या बायकांनी ठेवली असतील त्यांच्याविषयी आदर वाटतो. पुस्तक गेले तेव्हा धर्म त्यांनी चुलीपाशी जपला.

हे त्यांच्याच एका दंतकथेतही आहे. दावीद राहाबी नावाचा कोणी ज्यू कोकणात आला. हे लोक खरेच आपले आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली. त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर अशा तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून तयार केले. त्यांना काजी म्हणत. परीक्षा बायकांनी दिली आणि पदवी पुरुषांना मिळाली, हे आपल्या देशाच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे.

पुस्तके आली ती एकोणिसाव्या शतकात. मुंबईतले त्यांचे पहिले सभास्थान 'शार हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, १७९६ साली कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याबद्दलची ती कृतज्ञता, असे सांगतात. १८२६ पासून कोचीनचे ज्यू शिक्षक म्हणून येऊ लागले. १८३२ साली रेव्हरंड जॉन विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि हेतू तसाच परत केला! मिशनच्या शाळांतून शिकलेल्या मुलांनीच पुढे आपल्या धर्माची पुस्तके मराठीत आणली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी अर्थासह निघाली, आणि १८७४ साली पुण्यास तिची सचित्र आवृत्ती निघाली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे तर एक संस्थाच होते. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक, आणि प्रार्थनापुस्तकांमागून प्रार्थनापुस्तके मराठीत उतरवणारे. काकांच्या त्या जाड पुस्तकावर त्यांचेच नाव होते. १८७५ साली हाईम सामुएल केहीमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू तिन्ही तिथे शिकवीत. याच केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडले, आणि तेही तेल अवीवमध्ये.

मुलांपर्यंत आणि बायकांपर्यंत गोष्टी पोहोचवायला छापील पुस्तक पुरत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते. १८८० च्या सुमारास त्यांनी सरळ आपले कीर्तनच उचलले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी अशा छंदांत रचली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-पेटी सगळे साग्रसंगीत. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात, तो प्रसंग काकी धुणे धुताना गुणगुणत आणि आमची आजी तो ऐकता ऐकता डोळ्यांना पदर लावी. तिला योसेफ कोण हे नीट ठाऊक नव्हते. भाऊबंदकी पुरेपूर ठाऊक होती.

काकांनी वारांवर वाटलेला पाठ ही त्यांचीच कल्पना असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. नंतर समजले की दूर पूर्व युरोपात हाच क्रम एका पंथाने नियम म्हणून बांधला आहे. अठराव्या शतकात तिकडे हसिदी नावाचा भक्तिमार्ग निघाला. देवाला पांडित्याइतकेच साध्या माणसाचे गाणे आणि आनंद प्रिय आहे, असे तो सांगे. वारकऱ्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज पडणार नाही. त्यातील खबाद शाखेचे संस्थापक श्नेऊर झाल्मन यांचा 'तान्या' हा ग्रंथ प्रथम छापला गेला १७९६ सालीच. मुंबईत दिवेकर दयेचे द्वार उभारीत होते ते हेच साल. या पंथात लहानथोर सर्वांनी रोज तीन गोष्टी वाचायच्या: तोरेचा त्या वाराचा तुकडा, स्तोत्रांचा त्या तिथीचा भाग, आणि तान्यातले नेमलेले थोडेसे. विसाव्या शतकात योसेफ यित्झाक श्नीरसोन (१८८०–१९५०) यांनी ही शिस्त पक्की केली. ते स्वतः १९४० साली नाझींच्या तावडीतील वॉर्सातून निसटून न्यूयॉर्कला पोहोचले होते. सभास्थाने जळाली, गावे पुसली गेली. पण जो जिथे असेल तिथे त्याच दिवशी तेच पान उघडील, एवढे ठरलेले असले की सभा मोडत नाही. साताऱ्याच्या ओव्हरसियरला यातले काही ठाऊक नव्हते. त्याची अडचण तीच होती, म्हणून उपायही तोच सुचला.

या पंथाची माणसे पुढे मुंबईतही आली. कुलाब्याच्या नरीमन हाऊसमध्ये त्यांचे केंद्र होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथले राब्बी गाव्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांचा बळी गेला; त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणले. सणाच्या अंकात याहून अधिक लिहिवत नाही. ते केंद्र २०१४ साली पुन्हा उघडले.

काकांची पुढे आटपाडीकडे बदली झाली. तो भाग पूर्वी औंध संस्थानात, मग दक्षिण साताऱ्यात, आणि १९६० पासून सांगली जिल्हा. सुटीत मी तिकडे गेलो तेव्हा काकांनी मला स्वतंत्रपूरची खुली वसाहत दाखवली. औंधच्या राजेसाहेबांच्या काळात कैद्यांना बेड्यांवाचून शेतीवर ठेवण्याचा प्रयोग तिथे झाला आणि त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट निघाला, हे सर्वांना माहीत आहे. त्यामागे वॉर्साच्या ज्यू घराण्यात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन होते, हे थोड्यांना माहीत असते. भारतानंद या नावानेही ते ओळखले जात. १९३९ च्या औंधच्या लोकराज्याच्या घटनेलाही त्यांचा हात लागला होता. काका माळाकडे बघत म्हणाले, "वॉर्साचा माणूस इथवर आला. आम्ही आपले अलिबागहून आलो, त्यात काय मोठेसे!"

त्या घरातला एक पाठ मला अजून जसाच्या तसा आठवतो. दिवाळीचे दिवस होते. अब्राहामाला देवाची आज्ञा होते की, तू आपला देश आणि बापाचे घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा. काकांनी पुस्तक मिटले. माझ्या मित्राने विचारले, "बाबा, म्हणजे सातारा सोडायचा?" काका नेहमी चटकन उत्तर देत, त्या दिवशी दिले नाही. काकी आतून म्हणाल्या, "आधी फराळाची ताटं शेजारी देऊन या."

१९४८ नंतर कोकणातली, मुंबईतली कुटुंबे एकामागून एक इस्रायलला जात होती. तिकडे पुन्हा मासळीची परीक्षा उभी राहिली. १९६२ साली तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलांचे लग्न लावण्यापूर्वी त्यांचे वंशमूळ तपासण्याचा आदेश काढला. शेकडो वर्षे पुस्तकावाचून ज्यांनी धर्म टिकवला त्यांनी आता कागद दाखवायचे होते! लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. काका ती बातमी येईपर्यंत रोज टपालाची आणि वर्तमानपत्राची वाट पाहत. पण संध्याकाळचा पाठ एकही दिवस चुकला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ती मंडळी गेली. जाताना जाडे पुस्तक काकांनी ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत घेतले होते.

काही वर्षांपूर्वी मित्र साताऱ्यास येऊन गेला. वाड्याच्या जागी चार मजली इमारत झाली आहे. आम्ही तिच्या पायरीवर बसलो. तो हिब्रू बोलतो, त्याची नातवंडे दुसरे काही बोलत नाहीत, आणि तोरा त्यांना समजावून सांगण्याचे काम त्याच्याकडे आहे.

"आज काय वार?" त्याने विचारले.

"मंगळवार."

"म्हणजे तिसरा तुकडा." त्याने डोळे मिटून दोन ओळी चालीवर म्हटल्या आणि लगेच पाठोपाठ त्यांचा मराठी अर्थ, काकांच्याच शब्दांत, काकांच्याच हेलात. "नातवंडांपुढे हे असंच होतं," तो म्हणाला. "अर्थ आधी मराठीत येतो, मग त्याचा पुन्हा हिब्रूत तर्जुमा करावा लागतो. ती हसतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तू सांग, काय झालं?"

मला सांगता आले.