घाईची जहाजं, ओलं लाकूड

हेन्री एकफर्ड (१७७५–१८३२) मूळचे स्कॉटलंडचे. क्विबेकमध्ये जहाजबांधणी शिकून ते १७९६ साली न्यूयॉर्कला आले. १८१२ साली अमेरिका-ब्रिटन युद्ध पेटलं. ओन्टॅरिओ सरोवरावर ताबा हवा, तर युद्धनौका तिथेच बांधायला हव्यात. एकफर्डनी सॅकेट्स हार्बर इथे काठावरचं जंगल तोडून कामाला हात घातला. १८१३ मध्ये 'जनरल पाईक' सुमारे दोन महिन्यांत पाण्यात उतरली!

पण लाकूड सुकवायला सवड नव्हती. ओलं लाकूड वाळताना आकसतं, सांधे सैल होतात. ओल टिकली तर बुरशी लाकूड पोखरते. युद्धात उपयोगी पडलेली ही जहाजं शांततेत काही वर्षांतच कुजली.

पुढे एकफर्ड ब्रुकलिनच्या नौदल गोदीत मुख्य बांधणीकार झाले, न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळातही बसले. अखेर तुर्की सुलतानासाठी जहाजं बांधताना कॉन्स्टँटिनोपलला वारले.

गंमत म्हणजे, तहामुळे अर्धवट राहिलेली त्यांची 'न्यू ऑर्लिन्स' ही प्रचंड युद्धनौका पाण्याला न लागता छपराखाली उभी राहिली. ती विकली गेली थेट १८८३ साली. लाकडात सुमारे २० टक्क्यांहून कमी पाणी असेल तर बुरशी वाढत नाही. मग जहाजं कशाने कुजली, काळाने की ओलीने? वर्गात विचारून पाहा.